मधुमालती : रूप, रंग आणि नाव बदलणारी वेल

महाराष्ट्रातील जुन्या बंगल्यांच्या फाटकांवर, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या कुंपणभिंतींवर आणि कोकणातील घरांच्या पडव्यांवर उन्हाळ्यापासून पाऊस संपेपर्यंत पांढऱ्या, गुलाबी आणि लाल फुलांचे लोंबते घोस एकाच वेळी मिरवणारी जी वेल दिसते, तिला मराठीत सर्वसाधारणपणे मधुमालती म्हणतात. लाल चमेली हेही तिचे एक नाव आहे. तिच्या लागवडीविषयीचा रूढ समज असा की ही वेल कोठेही लावावी, ती आपोआप वाढते आणि फुलते. यातील वाढीचा भाग खरा असला, तरी फुलण्याचा भाग अर्धाच खरा आहे. कारण दोन मजले चढून गेलेल्या, पानांनी गच्च भरलेल्या, पण वर्षानुवर्षे जेमतेम चार घोस देणाऱ्या मधुमालती शहरांत जागोजागी आढळतात. या वेलीला फुलवायचे, तर तिच्या मूळच्या अरण्यातील जीवनक्रम समजून घ्यावा लागतो, आणि तो समजला की लागवडीचे बहुतेक नियम त्यातूनच निघतात.

प्रथम नावाचा गुंता सोडवणे आवश्यक आहे, कारण रोपवाटिकेत एक मागून दुसरीच वेल घरी येण्याचे प्रसंग या नावामुळे घडतात. संस्कृत साहित्यात ‘मालती’ आणि ‘माधवी’ ही दोन्ही नावे वारंवार येतात; परंतु अमरकोशात मालती हा जाईचा पर्याय आहे, तर माधवीलता ही अतिमुक्त किंवा वासंती या नावांनीही ओळखली जाणारी वेगळी वेल आहे. मेघदूतातील यक्षाच्या बागेत ज्या माधवीमंडपाचा उल्लेख येतो, तो या दुसऱ्या वेलीचा. सह्याद्रीच्या जंगलात आपोआप वाढणाऱ्या, हळदवेल या नावानेही परिचित असलेल्या या माधवीची फुले पांढरी असून पाकळ्यांच्या कडा झालरीसारख्या असतात, त्यांतील एका पाकळीवर पिवळा डाग असतो आणि फळाला तीन पंख असतात. आजची मधुमालती यांपैकी कोणीही नव्हे. तिचे शास्त्रीय नाव काँब्रेटम इंडिकम असून त्यापूर्वी ती दीर्घकाळ क्विस्क्वालिस इंडिका या नावाने ओळखली जात होती, आणि बागकामाच्या अनेक पुस्तकांत अद्यापही तेच जुने नाव छापले जाते. इंग्रजीतून आलेले ‘रंगून क्रीपर’ हे नाव ब्रह्मदेशाकडे बोट दाखवत असले, तरी ही वेल केवळ त्या देशाची नाही; भारतीय उपखंडाच्या पूर्वेकडील भागापासून आग्नेय आशियाच्या बेटांपर्यंत ती पसरलेली आहे. तेलुगू भाषेत तिला राधामनोहरम म्हणतात, तर थाई भाषेतील तिच्या नावाचा अर्थ ‘स्त्रीच्या हाताची नखे’ असा होतो. बंगालीत तिला ‘मधुमंजरी’ हे नाव रवींद्रनाथ टागोरांनी दिले. 1931 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वनवाणी’ या त्यांच्या संग्रहात या नावाची कविता आहे. परकी नावे असलेल्या वनस्पतींना आपल्या भाषेत सामावून घेण्याचा त्यांचा तो आग्रह मराठीनेही मनावर घ्यावा असा आहे.

क्विस्क्वालिस हे जुने नाव मात्र विस्मरणात जाऊ देण्यासारखे नाही. हे दोन लॅटिन शब्द जोडून बनले असून त्यांचा अर्थ ‘कोण?’ आणि ‘कसा?’ असा होतो. हे नाव योजणारा गेऑर्ग एबरहार्ड रुम्फियस हा जर्मन वंशाचा निसर्गाभ्यासक डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असताना आजच्या इंडोनेशियातील अंबोन या बेटावर राहत असे. या वेलीच्या मलाय भाषेतील ‘उदानी’ या नावाचे त्याच अर्थाच्या डच शब्दाशी असलेले ध्वनिसाम्य त्याने हेरले आणि त्या डच शब्दाचे लॅटिन रूपांतर केले, असे सांगितले जाते. पण हे शब्दसाम्य निव्वळ निमित्त असावे. कारण या वनस्पतीचे रूप इतके बदलत जाते की पाहणाऱ्याने ‘ही कोण आणि कशी’ असे विचारावे, हेही त्याने निरीक्षणाने जाणले होते. रुम्फियसचा ग्रंथ वाचकांपर्यंत पोहोचण्याची कथा अशी की 1670 मध्ये त्याची दृष्टी गेली, 1674 च्या भूकंपात त्याची पत्नी आणि मुलगी दगावली, 1687 च्या आगीत त्याची चित्रे जळाली, आणि मोठ्या कष्टाने पुन्हा सिद्ध केलेले हस्तलिखित घेऊन निघालेले जहाज 1692 मध्ये फ्रेंचांनी बुडवले. सुदैवाने त्याची एक नक्कल आधीच करून ठेवलेली होती. अंबोनच्या वनस्पतींवरील हा ग्रंथ लेखकाच्या मृत्यूनंतर सुमारे चार दशकांनी, 1741 पासून, अ‍ॅम्स्टरडॅममध्ये प्रसिद्ध होऊ लागला आणि लिनीअसने 1762 मध्ये त्यातील क्विस्क्वालिस हे नाव वनस्पतिशास्त्रात कायम केले. एका अंध माणसाने स्मरणाच्या आणि मदतनिसांच्या डोळ्यांच्या आधारे जे टिपले, ते आजच्या बागकाम करणाऱ्यालाही थेट उपयोगी पडते, हे या ग्रंथाचे मोठेपण आहे.

ते निरीक्षण असे, की मधुमालती जन्मतः वेल नसते. बियाणापासून किंवा मुळाच्या फुटव्यापासून उगवलेले रोप पहिले काही महिने सरळ उभ्या, आखूड फांद्यांच्या झुडपासारखे वाढते. त्याची उंची साधारण कमरेइतकी होते आणि ते कोणत्याही आधाराच्या शोधात असल्याचे दिसत नाही. त्यानंतर, बहुधा सहाएक महिन्यांनी, बुंध्यापासून एक लांबलचक, जोमदार फूट निघते आणि तीच पुढे खरी वेल होते, तर आधीचे झुडूप मागे पडते. याला अरण्यात स्पष्ट प्रयोजन आहे. दाट जंगलाच्या तळाशी उजेड कमी असल्यामुळे रोपाला आधी मुळे आणि अन्नसाठा तयार करावा लागतो आणि मगच शेजारच्या झाडाच्या शेंड्यापर्यंत एका दमात चढून जाणारी फूट परवडते. अशा काष्ठमय, मोठ्या वेलीला वनस्पतिशास्त्रात महालता म्हणतात. बागेत मात्र या टप्प्यावर हमखास चूक होते: झुडपाच्या बांधेसूद आकाराला न शोभणारी ती बुंध्याची लांब फूट ‘पाणफूट’ समजून सिकेटरने कापली जाते, आणि मग रोप वर्ष-दोन वर्षे चढतच नाही अशी तक्रार होते. पहिल्या वर्षी बुंध्यापासून निघालेली अशी फूट कापू नये, उलट तिलाच काठीचा आधार देऊन मांडवाकडे वळवावे.

वर चढण्याची तिची साधनेही वेगळी आहेत. काकडीवर्गातील वेलींना असतात तसे तणावे, म्हणजे आधाराला वेटोळे घालणारे धागे, मधुमालतीला नसतात. मनीप्लांटप्रमाणे भिंतीला चिकटणारी मुळेही नसतात. लांब फांद्यांवरील पानांचे पाते गळून पडल्यावर देठाचा खालचा भाग मात्र फांदीवरच राहतो, कडक होतो आणि किंचित वाकडा काटा बनतो. या आकड्यांच्या साहाय्याने वेल झाडांच्या फांद्यांत अडकत वर सरकते. सपाट भिंतीवर हे आकडे निरुपयोगी ठरतात, म्हणूनच भिंतीलगत लावलेली वेल प्रथम सुतळीने जाळीला किंवा तारेला बांधून द्यावी लागते. आणि काटा जुन्या फांद्यांवरच असल्यामुळे छाटणी करताना हातमोजे घालणे इष्ट असते.

या वेलीच्या बदलांपैकी सर्वांत लक्षवेधी बदल फुलाचा. फूल सूर्यास्ताच्या सुमारास उमलते तेव्हा ते पांढरे असते. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होते आणि तिसऱ्या दिवशी गर्द लाल. पाकळ्यांत अँथोसायनिन या वर्गातील रंगद्रव्य क्रमाने साठत गेल्यामुळे हे घडते. एका घोसातील फुले रोज थोडी थोडी उमलत असल्यामुळे तिन्ही रंग एकत्र दिसतात. ज्याला सामान्यतः फुलाचा लांब देठ समजले जाते, तो खरे तर देठ नसून संवर्ताची, म्हणजे पाकळ्यांच्या बाहेरील आवरणाची, सहा-सात सेंटिमीटर लांबीची नळी असते आणि तिच्या तळाशी किंजपुट, म्हणजे फळ होणारा भाग, असतो. मधही या नळीच्या तळाशी असल्यामुळे तो मिळवण्यासाठी तितकीच लांब सोंड लागते. अशी सोंड हॉक मॉथ नावाच्या मोठ्या पतंगांना असते. पक्ष्यासारखे पंख फडफडवत फुलासमोर तरंगत राहून ते रात्री मध शोषतात, आणि अंधारात दिसणारा पांढरा रंग व संध्याकाळनंतर दरवळणारा गोड वास हे दोन्ही त्यांच्यासाठीच असतात.

मग परागीभवन होऊन गेल्यावर फूल गळून पडण्याऐवजी रंग बदलून आणखी दोन दिवस का थांबते, हा प्रश्न उरतो. 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या प्रश्नाकडे लक्ष वेधले गेले. त्यात असे दाखवण्यात आले की फुलाच्या रंगाबरोबर त्याची दिशाही बदलते. पहिल्या रात्री आडवे, समोर तोंड केलेले फूल पुढे खाली झुकते, आणि रात्रीचे पतंग व दिवसाचे मधमाशी-सूर्यपक्षी यांच्यात भेटीगाठींची वाटणी होण्याशी या बदलाचा संबंध असू शकतो. शिवाय जुनी फुले टिकून राहिल्याने संपूर्ण घोस दुरून ठळक दिसतो. रंग बदलणारी फुले महाराष्ट्रात अन्यत्रही आहेत. रस्त्याकडेच्या घाणेरीची पिवळी फुले नंतर गुलाबी होतात आणि फुलपाखरे मुख्यतः पिवळ्यांवरच बसतात, हे कोणालाही पाहता येते. मात्र पांढऱ्यापासून लालपर्यंतचा प्रवास तीन दिवसांत इतक्या स्पष्टपणे करणारे दुसरे परिचित फूल बागेत सहसा आढळणार नाही.

कुळाच्या दृष्टीने मधुमालतीचे नातलग मराठी वाचकांच्या चांगल्या ओळखीचे आहेत. हिरडा, बेहडा, अर्जुन, ऐन आणि किंजळ हे सह्याद्रीतील वृक्ष तिच्याच काँब्रेटेसी कुळातील होत. त्याहून जवळचे वाटावे असे साम्य उक्षीचे आहे. कोकणातील डोंगरउतारांवर हिवाळ्याच्या अखेरीस फिकट हिरवट फुलांनी झाकून जाणारी आणि जिचे खोड कापून तहानलेले वाटसरू पाणी पितात ती उक्षी हीदेखील याच कुळातील महालता आहे. तीही आधी झुडपासारखी पसरते आणि आधार मिळाला की वृक्षांवर चढते. ज्यांनी उक्षी जंगलात पाहिली आहे, त्यांना मधुमालतीचा स्वभाव निराळा समजावून सांगावा लागत नाही.

या वेलीच्या बियांना औषधाचा इतिहास आहे. चीनमध्ये त्या शतकानुशतके मुलांच्या पोटातील जंतांवर दिल्या जात, आणि तेथील तिचे ‘शिजुन्झी’ हे नाव मुलांवर या बियांनी उपचार करणाऱ्या एका वैद्यावरून पडल्याची परंपरागत कथा आहे. फिलिपीन्समध्ये तिला ‘नियोग-नियोगन’, म्हणजे जणू छोटा नारळ, म्हणतात, आणि त्या देशाच्या आरोग्य खात्याने पुरस्कारलेल्या दहा औषधी वनस्पतींत तिचा समावेश आहे. बियांतील क्रियाशील द्रव्य असलेले क्विस्क्वालिक आम्ल जपानी रसायनशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात वेगळे केले. हे आम्ल मेंदूतील ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाची नक्कल करते, त्यामुळे चेतापेशींच्या अभ्यासात ते फार उपयोगी ठरले. आज ‘अ‍ॅम्पा’ या नावाने ओळखले जाणारे मेंदूतील ग्राही, म्हणजे संदेश स्वीकारणारे रेणू, काही काळ ‘क्विस्क्वालेट ग्राही’ याच नावाने ओळखले जात होते. कुंपणावरच्या एका वेलीचे नाव मेंदूविज्ञानाच्या ग्रंथांत जाऊन बसावे, ही तिच्या इतिहासातील खरोखर अभिमानाची गोष्ट आहे. मात्र जे द्रव्य चेतासंस्थेवर इतका नेमका परिणाम करते, ते घरगुती प्रयोगाचे नव्हे. अधिक मात्रेत बियांमुळे उचकी, मळमळ आणि जुलाब होतात, म्हणून त्या स्वतःच्या मनाने कोणीही खाऊ नयेत.

लागवडीसाठी बियांवर विसंबता येत नाही, कारण बागेतील मधुमालतीला फळ क्वचितच धरते. सर्वांत सोपा मार्ग मुळांच्या फुटव्यांचा: जुन्या वेलीभोवती जमिनीतून निघालेली रोपे मुळांसह उचलून पावसाळ्याच्या प्रारंभी लावली की बहुधा जगतात. दुसरा मार्ग दाब कलमाचा, म्हणजे जमिनीलगतची फांदी वेलीपासून न तोडता मातीत दाबून तिला मुळे फुटू देण्याचा. छाट कलमे करायची असल्यास जुलै-ऑगस्टमध्ये न फार कोवळ्या, न फार जून अशा फांदीचे तीन-चार डोळ्यांचे, सुमारे 15 ते 20 सेंटिमीटर लांबीचे तुकडे सावलीत लावावेत. मूळ फुटण्याच्या संजीवकात बुडवून लावल्यास यश अधिक मिळते.

जागा निवडताना दिवसातून किमान पाच-सहा तास थेट ऊन मिळेल हे पाहावे. बुंधा सावलीत असला तरी हरकत नाही, कारण अरण्यातही तो सावलीतच असतो. पण शेंड्यांना ऊन हवेच. सुमारे 60 सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन त्यात माती व चांगले कुजलेले शेणखत भरावे. काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून तेथे तळाशी मुरूम घालून निचरा साधावा. कोकणातील जांभ्या दगडात खड्डा शक्य तितका मोठा करून बाहेरची माती आणावी. चुनखडीच्या जमिनीत पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडू लागला, तर ते लोह न मिळाल्याचे लक्षण असते. भिंतीपासून दीड फूट तरी अंतर ठेवावे. पूर्ण वाढलेली वेल, विशेषतः पावसात भिजलेली, अतिशय जड होते. म्हणून तिला लोखंडी पाइपचा मांडव किंवा मजबूत कमान द्यावी, आणि इमारतीच्या सांडपाण्याच्या नळांवर किंवा विजेच्या तारांवर तिला मुळीच चढू देऊ नये.

फुले न येण्याची कारणे बहुतेक वेळा तीनच असतात: सावली, नत्राचा अतिरेक आणि चुकीची छाटणी. नत्रयुक्त खत वारंवार दिले की वेल पानेच वाढवत राहते. छाटणीनंतर एकदा आणि पावसाळ्याच्या तोंडावर एकदा शेणखत, आणि स्फुरदासाठी थोडे सुपर फॉस्फेट, एवढे जमिनीतील वेलीला पुरते. छाटणीचे गणित मात्र नीट समजून घेतले पाहिजे. मधुमालतीचे घोस त्या हंगामात निघालेल्या नव्या फुटींच्या टोकांवर येतात. याचा एक अर्थ असा, की जुन्या फांद्यांचे जंजाळ ठेवून काहीही साधत नाही. थंडी ओसरताना, फेब्रुवारीच्या सुमारास, वाळलेल्या आणि गुंतलेल्या फांद्या काढून मुख्य फांद्या धैर्याने आखूड कराव्यात, म्हणजे उन्हाळ्याच्या सुरुवातीस जोमदार नव्या फुटी निघतात. दुसरा अर्थ याच्या नेमका उलट आहे: मेंदीच्या कुंपणासारखी ही वेल दर पंधरा दिवसांनी कातरत राहिल्यास प्रत्येक वेळी फुलणारी टोकेच कापली जातात. कुंपणांवर दिसणाऱ्या हिरव्यागार पण फुलविरहित मधुमालतींचे बहुतेक रहस्य या नीटनेटकेपणात आहे. बहराच्या काळात वाळलेले घोस काढणे एवढीच कात्री पुरेशी असते.

रोगराईचा त्रास या वेलीला कमी होतो. पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड दिसल्यास साबणाचे पाणी अथवा निंबोळी अर्क फवारणे सहसा पुरते. मोठा दोष तिच्या जोमाचाच आहे. मुळांचे फुटवे दूरवर निघतात आणि ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या उष्ण भागात ती तण म्हणून नोंदली गेली आहे. म्हणूनच छाटलेल्या फांद्या आणि उपटलेले फुटवे ओढ्याकाठी किंवा डोंगराच्या कडेला टाकून देण्याची सवय टाळली पाहिजे.

गेल्या काही वर्षांत रोपवाटिकांत ‘डबल मधुमालती’ मोठ्या प्रमाणावर विकली जाते. तिच्या फुलांत अनेक पाकळ्यांचे थर असतात, घोस दाट दिसतात आणि तिची वाढ आटोपशीर असल्यामुळे 15 ते 18 इंची कुंडीत, गॅलरीतही ती चांगली फुलते. ज्यांच्याकडे जमीन नाही, त्यांच्यासाठी ती योग्यच आहे. परंतु नळीचे तोंड पाकळ्यांनी भरून गेलेल्या फुलात पतंगाला मधापर्यंत जाणारी वाट सहज मिळत नाही. म्हणून ज्यांना अंगणाची किंवा कुंपणालगतची जमीन उपलब्ध आहे, त्यांनी जुनी एकेरी मधुमालतीच लावावी, आणि ती लावताना घरातील माणसे संध्याकाळी जेथे बसतात त्या ओट्याजवळची किंवा खिडकीजवळची जागा निवडावी, कारण तिची नवी फुले दिवेलागणीच्या वेळी उमलतात.